तारापूरचा कचरा आणि तीनशे वर्षांची राखण

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला म्हणजे श्रोत्यांस राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र एका कचऱ्याचा इतिहास सांगावयाचे योजिले आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडील हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या समाजास आपल्या कचऱ्याचा इतिहास सांगता येत नाही, त्याने आपल्या वैभवाचा इतिहास सांगावा हे फारसे शोभत नाही. शिवाय ज्या कचऱ्याविषयी आम्ही बोलणार आहो, त्याची राखण आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही करावी लागणार आहे. तेव्हा त्याची ओळख करून घेणे हे जिज्ञासेइतकेच कर्तव्याचेही काम आहे.

होटगीच्या माणसास राख म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दक्षिणेकडे गदगचा फाटा फुटणारे हे जंक्शन. कोळसा आणि वाफ यांच्याशी या गावाचा संबंध आगगाडी आली तेव्हापासूनचा आहे. पुढे २०१७ ते २०१९ या काळात शेजारच्या फताटेवाडी, आहेरवाडीच्या माळावर ६६० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. रेल्वेने कोळसा येतो, उजनीचे पाणी येते, वीज तारांवरून निघून जाते, आणि मागे राहते ती राख. हजारो टनांच्या हिशेबात मोजावी लागणारी ही राख सिमेंटात व विटांत घालून खपविता येते. उरेल ती तलावात साठवितात. या राखेत निसर्गतःच युरेनियम व थोरियम यांचा अल्पसा अंश असतो. परंतु तिचे मुख्य दुखणे तिच्या ढिगाचे आहे.

आता अणुभट्टीकडे वळू. तिलाही राख आहे. जळालेले इंधन ही तिची खरी राख होय. ती अतिशय प्रखर असते, आणि म्हणून तिच्याविषयी सगळीकडे बोलले जाते. पण त्याखेरीज दुसरी एक राख आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भट्टीची दुरुस्ती करताना वापरलेले हातमोजे, चिंध्या, बोळे, प्लॅस्टिकची पायताणे, पाणी गाळण्याची गाळणी, बदललेल्या झडपा, कापून काढलेले नळ आणि फरशी धुतलेले पाणी ही ती राख. शास्त्राच्या परिभाषेत हा अल्प व मध्यम पातळीचा किरणोत्सर्गी कचरा होय. जगातील एकंदर किरणोत्सर्गी कचऱ्याच्या घनफळापैकी सुमारे ९० टक्के भाग अल्प पातळीच्या कचऱ्याचा असतो, पण किरणोत्सर्गाचा जेमतेम १ टक्का त्यात असतो. ओझे मोठे, तेज थोडे. म्हणूनच त्याच्याविषयी बेफिकिरी होण्याचा संभव अधिक.

आपल्या महाराष्ट्रात या कचऱ्याचा इतिहास पाहावयाचा तर तारापूरलाच गेले पाहिजे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये भारत व अमेरिका यांच्यामध्ये करार झाला आणि पुढील वर्षी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीकडे काम सोपविण्यात आले. मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी ही जागा निवडली गेली. मुंबई आणि गुजरात या दोन्हींची विजेची गरज वाढत होती, कोळशाच्या खाणी दूर होत्या, आणि भट्टी थंड ठेवण्यास समुद्राचे पाणी दाराशी होते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांनी व्यापारी उत्पादनास आरंभ केला. प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट. अणुशक्तीपासून वीज काढणारे हे भारतातील पहिले केंद्र. डॉ. होमी भाभा यांनी ज्याचा ध्यास घेतला होता ते फळ पाहण्यास ते स्वतः मात्र उरले नव्हते. १९६६ च्या जानेवारीत त्यांचा अपघाती मृत्यू झाला होता.

या भट्ट्यांची जात ‘उकळत्या पाण्याची’ आहे. युरेनियमच्या कांड्यांभोवती पाणी खेळविलेले असते. ते भट्टीतच उकळते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरविते. रचना सुटसुटीत खरी, पण तिची किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. नळांचे व झडपांचे पोलाद पाण्याने कणाकणाने झिजते. त्या झिजेत कोबाल्ट धातूचे कण असतात. ते पाण्याबरोबर भट्टीच्या गाभ्यातून जातात, तेथे न्यूट्रॉनांचा मारा खातात आणि कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी रूपात बाहेर पडून नळांच्या कोपऱ्यांत, सांध्यांत जाऊन बसतात. त्यात एखाद्या इंधनकांडीच्या आवरणास चीर गेली, तर सीझियम, आयोडीन इत्यादी द्रव्येही पाण्यात उतरतात. ज्या नळास हात लावावयाचा तोच किरणे फेकीत असतो. ज्या चिंधीने तो पुसला ती चिंधी त्याचा वारसा घेऊन बाहेर येते.

तारापूरच्या आरंभीच्या वर्षांत कांड्यांस चिरा जाण्याचे प्रकार घडले, आणि सत्तरच्या दशकात तेथील दुरुस्तीचे काम फार जड झाले. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसास वर्षभरात किती मात्रा मिळावी यास मर्यादा असते. त्या काळी ती वर्षास ५ रेम, म्हणजे आजच्या मापाने ५० मिलिसिव्हर्ट होती. पुढे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट इतकी उतरविण्यात आली. कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो आणि तो या मात्रेची नोंद ठेवतो. नळ फार तापट असला, म्हणजे किरणांच्या अर्थाने तापट असला, तर एका माणसाची मर्यादा थोड्या वेळातच भरते. त्याने बाहेर यावे आणि दुसऱ्याने आत जावे. जे काम साध्या कारखान्यात दोन फिटर अर्ध्या दिवसात उरकतील, त्यास येथे माणसांची रांग लावावी लागते. तारापूरला कायम कर्मचाऱ्यांच्या जोडीस हंगामी कामगारही अशा कामासाठी आत पाठवावे लागले, आणि त्यावर जाहीर चर्चाही झाली.

माणसे वाढली की कचराही वाढतो हे ओघानेच आले. प्रत्येक जण नवे हातमोजे घालतो, नवा झगा घालतो आणि बाहेर येताना ते उतरवितो. पुढे वाफ तयार करणाऱ्या दुय्यम यंत्रांच्या नळ्या गळू लागल्या. ती यंत्रे अखेर वेगळी काढून बंद ठेवावी लागली आणि ऐंशीच्या दशकात प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आली. एखादे यंत्र ‘बंद ठेवले’ असे आपण एका वाक्यात म्हणतो. पण अणुकेंद्रात बंद ठेवलेले यंत्र मोडीत विकता येत नाही. तेही एक दिवस कचऱ्याच्या वहीत चढावयाचे असते.

या कचऱ्याचे करतात काय? त्याचा मार्ग तीन तत्त्वांवर आखलेला आहे. जे लवकर विझते ते थांबवून ठेवावे आणि विझू द्यावे. जे अगदी विरळ आहे ते नियमांनी ठरविलेल्या मर्यादेत, मोजून-मापून, हवेत वा पाण्यात सोडावे. उरलेले आटवून, दाबून, घट्ट कोंडून ठेवावे. धुण्याच्या पाण्यात रसायने घालून किरणोत्सर्गी द्रव्याचा साका तळाशी बसवितात, किंवा ते पाणी रेझिनाच्या मण्यांतून गाळतात, किंवा आटवितात. आणि मागे राहिलेला गाळ सिमेंटात कालवून त्याचा दगड करतात. जळण्याजोग्या चिंध्या विशेष भट्टीत जाळून त्यांची राख धरतात. दाबण्याजोगे सामान यंत्राने दाबून पिंपांत भरतात. एवढे झाले म्हणजे घनफळ कमी होते. परंतु श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे की यांपैकी कोणत्याही क्रियेने किरणोत्सर्ग नाहीसा होत नाही. त्याला फक्त लहान जागेत बसविता येते.

मग त्याला जागा द्यावयाची. आपल्या देशात प्रत्येक अणुकेंद्राच्या आवारातच अशी जागा राखलेली असते, आणि पिंपाच्या पृष्ठभागावर मोजलेल्या मात्रेवरून त्याचे घर ठरते. तासास २ मिलिग्रेपर्यंत मात्रा असलेले सामान दगडी अस्तराच्या चरांत जाते. २ ते २० पर्यंतचे सिमेंट-काँक्रीटच्या चरांत जाते. २० च्या वरचे, जमिनीत उभ्या बसविलेल्या, पोलादी अस्तराच्या, विहिरीसारख्या नळकांड्यांत उतरवितात. चर भरला की वर जाड काँक्रीट घालून पाणी आत जाणार नाही अशा रीतीने तो बंद करतात. सभोवार निरीक्षणाच्या कूपनलिका असतात आणि त्यांतील पाणी वेळोवेळी तपासले जाते. तारापूरचा खडक आपल्या सोलापूरच्याच जातीचा, दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. त्या खडकापासून होणाऱ्या चिकणमातीस सीझियमसारखी द्रव्ये धरून ठेवण्याचा गुण असतो. काळी माती पाणी धरते हे आपला शेतकरी जाणतो. ती आणखीही बरेच काही धरते.

आता कोणी विचारील, हे धरून ठेवावयाचे तरी किती दिवस? किरणोत्सर्गी द्रव्याच्या क्षयाचा हिशेब सावकारी व्याजाच्या अगदी उलट चालतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. म्हणजे आज रुपया असेल तर ३० वर्षांनी आठ आणे, ६० वर्षांनी चार आणे. असे दहा वेळा अर्धे केले, म्हणजे ३०० वर्षे लोटली, की मूळच्या रुपयाचा सुमारे हजारावा हिस्सा उरतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५ वर्षे ३ महिन्यांच्या आसपास आहे, म्हणून तो त्याच पायरीस सुमारे ५३ वर्षांत उतरतो. १९६९ साली तारापूरच्या पहिल्या चिंधीस लागलेल्या कोबाल्टचा आज हजारावा भागही शिल्लक नाही. त्याच चिंधीवरचे सीझियम मात्र अजून चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक उरले आहे. एकाच चिंधीवर दोन घड्याळे चालू असतात असे म्हणा ना! पोलादातील निकेल-६३ चे घड्याळ तर याहूनही सावकाश चालते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे. या सर्वांचा विचार करून अशा जागांची राखण ३०० वर्षे करावी असे मानण्यात येते.

आमच्या मते या सगळ्या विषयाचे मर्म या ३०० च्या आकड्यात आहे. काँक्रीट करणारा काँक्रीट करील, रसायनज्ञ गाळ बसवील. पण ३०० वर्षे राखण करावयाची ती कोणी? ३०० वर्षे म्हणजे केवढा काळ? थोरले बाजीराव १७२० साली पेशवे झाले. तेव्हापासून आजपर्यंत राज्ये किती आली आणि गेली, मापे बदलली, नाणी बदलली, गावांचे तालुके आणि जिल्हे बदलले. खुद्द तारापूरचेच पाहा. ते केंद्र उभे राहिले तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पन्नास वर्षांच्या आत पत्ता बदलला!

तरीही ३०० वर्षे कागद टिकत नाहीत असे मात्र नाही. पुण्यास पेशवे दप्तर आहे. त्या काळचे हिशेब, पत्रे, ताळेबंद, सरंजामाच्या नोंदी तेथे रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद खंडशः प्रसिद्ध केले, त्यामुळे महाराष्ट्राचा इतिहास नव्याने लिहिता आला. या दप्तराने आपणांस दोन धडे दिले आहेत. पहिला असा की राज्य बुडाले तरी दप्तर राहू शकते, मात्र ते जपण्यात कोणाचा तरी स्वार्थ असावा लागतो. १८१८ नंतर इंग्रजांस महसूल वसूल करावयाचा होता, इनामे तपासावयाची होती, म्हणून त्यांनी ते जपले. दुसरा धडा असा की कागद राहिला तरी तो वाचता येईलच असे नाही. ते दप्तर मोडी लिपीत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची रोजची लिपी ती. आज ती सफाईने वाचणारा माणूस शोधावा लागतो. मग विसाव्या शतकातील यंत्रांवर, फितींवर आणि तबकड्यांवर लिहिलेल्या नोंदी बाविसाव्या शतकात कोण वाचील? ज्या दप्तरापासून कोणास महसूल मिळावयाचा नाही, ज्यात केवळ जुन्या चिंध्यांची यादी आहे, ते जपण्याची कळकळ कोणास राहील?

ही भीती कल्पनेतली नाही. परदेशांचा अनुभव हेच सांगतो. आरंभी अनेक राष्ट्रांनी हा कचरा पिंपांत भरून सरळ समुद्रात लोटला. अमेरिकेने ही प्रथा १९७० पर्यंत आणि ब्रिटनने १९८२ पर्यंत चालविली. १९७२ च्या लंडन करारान्वये अतितीव्र कचऱ्यास समुद्र बंद झाला, आणि १९९३ मध्ये सर्वच किरणोत्सर्गी कचऱ्यास बंदी आली. समुद्रात टाकलेल्यांची राखण कोणासच करता येत नाही. फ्रान्सने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, तारापूर सुरू झाले त्याच १९६९ साली, जमिनीवरचे साठवणीचे ठिकाण उघडले. १९९४ पर्यंत तेथे ५ लाख घनमीटरांहून अधिक कचरा ठेवण्यात आला. तेथेही ३०० वर्षांचाच संकल्प होता. परंतु १९९६ साली चौकशी समितीने असा निष्कर्ष काढला की आरंभीच्या काळात दीर्घायुषी द्रव्येही तेथे जाऊन बसलेली आहेत, म्हणून ३०० वर्षांनी ती जागा निर्वेधपणे मोकळी करता येणार नाही. फ्रान्ससारख्या दप्तरशिस्तीच्या देशात, अवघ्या पंचवीस वर्षांत, ३०० वर्षांचा हिशेब चुकीचा ठरला.

नोंदीचा धागा तुटला म्हणजे काय होते याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक जुने, वापरातून गेलेले उपकरण येऊन पडले. त्यात कोबाल्ट-६० होता. भंगार फोडणाऱ्यांस त्याची कल्पना नव्हती. अनेकांस किरणबाधा झाली आणि एक कामगार दगावला. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरी टाकून दिलेल्या रुग्णालयातील सीझियमने चार बळी घेतले. हा कचरा वीजकेंद्राचा नव्हता, आणि तीव्रतेने तर तो चिंध्या-बोळ्यांहून कितीतरी जबर होता. तथापि अपघाताचे मूळ त्याच्या तीव्रतेइतकेच विस्मृतीत होते. वस्तू होती, तिचा धनी हरवला होता.

आपल्याकडे कायद्याची चौकट टप्प्याटप्प्याने आली. अणुऊर्जा अधिनियम १९६२ चा. तारापूर १९६९ चे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ च्या नोव्हेंबरात स्थापन झाले, आणि किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे स्वतंत्र नियम १९८७ साली. त्यांनुसार परवानगीवाचून असा कचरा टाकता येत नाही आणि टाकल्याची नोंद ठेवावी लागते. आधीची अठरा वर्षे काम बेशिस्तीने चालले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. अणुशक्ती खात्याची स्वतःची देखरेख होती. पण खात्याने खात्यावर ठेवलेली नजर आणि कायद्याने नेमलेली नजर यांत फरक आहे, आणि दुरुस्त्यांचा अत्यंत कठीण काळ नेमका त्या आधीच्या वर्षांतच येऊन गेला.

आता एक नवे प्रकरण उघडले आहे. २०२० साली तारापूरच्या दोन्ही जुन्या भट्ट्या थांबविण्यात आल्या आणि पाणी खेळविणारे मोठे नळ बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. पन्नास वर्षे भट्टीचे पाणी वाहिलेले नळ कापावयाचे, म्हणजे दुरुस्तीच्या कचऱ्याचे एक मोठे पर्वच. आणि एक दिवस या भट्ट्या कायमच्या विझतील, तेव्हा खुद्द भट्टीच कचरा होईल. शेजारी ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या २००५ व २००६ साली सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांस आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. वीज मुंबई-गुजरातेस गेली आणि राखण किनाऱ्याच्या वाट्यास आली. त्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या मासेमारी व शेती करणारा माणूस कोणतेही मंडळ वा कंपनी बदलली तरी तेथेच राहणार आहे. राखणीत त्यास बोलाविल्यावाचून ती ३०० वर्षे कशी चालेल, हे आम्हांस समजत नाही.

यावरून अणुवीज नकोच असा निष्कर्ष कोणी काढील, तर कोणी म्हणेल की कोळशाच्या धुरापेक्षा हा चिमूटभर कचरा बरा. दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत, आणि त्या वादाचा निकाल एका व्याख्यानात लागावयाचा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की वाद कसाही सुटो, १९६९ पासून साठलेला कचरा दोन्ही पक्षांचा सामाईक वारसा आहे. उद्या सर्व भट्ट्या बंद केल्या तरी तो कमी होणार नाही, आणि शंभर नव्या काढल्या तरी त्याची जबाबदारी सरणार नाही.

तेव्हा नागरिकांनी मागावयाचे ते असे. कोणत्या चरात, कोणत्या वर्षी, काय आणि किती ठेवले याची वही एकाच कार्यालयात न राहता तिच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात, आणि जिल्ह्याच्या दप्तरातही एक असावी. ती टिकाऊ कागदावर, साध्या भाषेत, मराठीतही असावी. कूपनलिकांच्या पाण्याचे आकडे आसपासच्या गावांच्या चावडीवर लागावेत. हंगामी कामगार घरी गेल्यावरही त्याच्या बिल्ल्याची नोंद त्याच्या हाती राहावी, कारण त्याचे शरीर हेही या हिशेबाचेच एक पान आहे. यांत कोणतीही मागणी शास्त्रज्ञास अवघड नाही, आणि खर्चही फार नाही. लागते ती चिकाटी, आणि ती विचारणारा समाज असेल तोवरच टिकते.

होटगीच्या फाट्यावरून पूर्वी मालगाडीचा एकही डबा नोंदीवाचून पुढे जात नसे. कोणता डबा मद्रासकडे आणि कोणता गदगकडे, हे वहीत पाहून सांगता येई. डब्याचा प्रवास चार दिवसांचा. तारापूरच्या पिंपांचा प्रवास ३०० वर्षांचा आहे आणि तो जागच्या जागी व्हावयाचा आहे. त्यांच्या वाटेवर जेवढ्या पिढ्या उभ्या राहणार, त्यांत आपली पहिली आहे. पहिल्या पिढीने वही नीट लिहिली आणि पुढचीस वाचावयास शिकविली, तर दुसरीस ती पुढे चालविता येईल.